काठ वाकलेली वाटी

रेणू, आधी ऐक.
खानावळीला भरायला पैसे नाहीत,
हे तूही जाणतीस, मीही. त्यावर फोनात रडायचं नाही.
तुझ्या ट्रंकेत स्वेटरखाली
काठ वाकलेली एक वाटी घातलोय मी.
सापडली?
तिनं मापून एक वाटी हुलगे घे.
खडे बघ. स्वस्त हुलग्यात खडे असतातच,
आणि दात महाग आहेत.

रात्री भिजत घाल. सोडा नको.
रात्र फुकट असते, काम तीच करते.
सकाळी पाणी चढ घालून कुकर लाव,
पहिल्या शिट्टीला गॅस बारीक कर
आणि पुस्तक उघड.

वरचं काळपट पाणी गाळून घे, तो कट.
त्यात चिंचेचं एक बोटूक,
ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या, तिखट, मीठ.
तेल चमचाभरच, पण चांगलं तापव.
तेल कमी असलं की
फोडणीचा आवाज तरी मोठा पाहिजे.
रेशनच्या जाड भाताला हा कट मानवतो.
सोमवार गेला.

मंगळवारी निम्म्या हुलग्यांची उसळ. कांदा अर्धाच,
उरलेला अर्धा कच्चा, गुरेळाच्या चटणीसंगट.
बाजाराला आठनंतर जा,
पाट्या आवरायच्या घाईत मेंतीची पेंडी पाच रुपयाला देतात.
पिवळी पानं घरात येऊन काढ, तिथं काढू नको,
भाजीवालीचाही दिवस असाच गेलेला असतो.

बुधवारी उरलेले हुलगे वाटून
जोंधळ्याच्या पिठात मळ, मेंती घाल, धपाटी थाप.
दोन डब्यात ने. मैत्रीण विचारली तर
अर्धं मोडून दे, रेसिपी सांगू नको.
गुरुवारी चिरमुरे भिजवून फोडणीला टाक.
शुक्रवारचं शुक्रवारी बघू.

हे कोण शिकवलं म्हणतीस?
तू तेव्हा बालवाडीत.
वडगावातले माग पाच महिने गप्प होते,
गल्लीत इतकी शांतता
की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं.
कांड्या भरायचं यंत्र मी तेल पाजून
गोणपाटानं झाकून ठेवलो होतो.
तेव्हा शेजारची नागव्वा
दिवेलागणीला परड्यातल्या भिंतीवरून
ही वाटी पुढं करायची.
“सारु भाळ आगेति.”
जास्त झालंय म्हणे.
सहा माणसांच्या घरात, माग त्यांचाही बंद,
रोज सारु जास्त कसं होतंय?
मी विचारलो नाही.
तीही सांगितली नाही.
तिखट किती, चिंच किती,
ते मी जिभेवर मोजत बसायचो, बाकीचं मोजवत नव्हतं.

वाटी रिकामी परत देत नाहीत, आपल्यातही, त्यांच्यातही.
आज घालू, उद्या घालू,
ती वाटीवाचून दुसरी वाटी आणायची,
ती परत जायची, ही राहिली.
मग माग विकून ते लोक रामदुर्गला गेले, लेकाकडं.
ट्रकमध्ये सामान चढलं
तेव्हा मी घरात होतो,
दार लावून.

बुडाला बघ. टोच्यानं नाव कोरलंय, कानडीत.
मला ती अक्षरं येत नाहीत.
तिसरीत असताना तू वाचलीस, मोठ्यानं, जेवता जेवता,
आणि मी तुला धपाटा घातलो.
खायचा नव्हे. हाताचा.
कशाला ते तुला कळलं नाही.
मलाही उशिरा कळलं.

आधी तिकिटाचं निमित्त होतं.
आता बसला बायकांना पैसे पडत नाहीत,
तरी मी अजून गेलो नाही.
धारवाडहून तुला बस असेल रामदुर्गची.
परीक्षा झाली की बघ, गडबड नाही.
पण रिकामी नेऊ नको.
काय घालायचं तिच्यात,
ते मला एवढ्या वर्षांत सुचलं नाही,
तुला सुचलं तर मला फोन करून सांगू नको,
घाल.

जा आता. दुकान बंद होईल.
हुलगे आण आधी.