काटा थोडा डावीकडे

संक्रांतीला ऊर्जिता गेली.
तिळगूळ घ्या म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी
साडेसातला तिच्या जागी कुणीतरी नुसतं हसत होतं.
मी इस्त्री उभी केली, ऐकलं.
हसणं संपलं, गाणं लागलं.
ती कुठे गेली ते कुणी सांगितलं नाही.

सात वर्षं मी तिच्यावर शर्ट मोजत आलो.
बातम्यांपर्यंत सहा, जाहिरातींत एक पायजमा,
"दांडेकर पुलाची आज पुन्हा दातखीळ बसलीय" म्हणेपर्यंत
पाटणकर बाईंची साडी, तीही स्टार्चची.
आता आवाज मुंबईहून येतो म्हणे,
एकच, चार शहरांना पुरवून पुरवून.
डांडेकर ब्रिज म्हणतो. नळ स्टॉपला नल.
वेळ बरोबर सांगतो, तेवढं खरं.

चैत्रात मिडीयम वेव्हवरची श्रुतिका बंद पडली.
संपली नाही, मध्येच थांबली.
इन्स्पेक्टर जिन्यावर होता.
अजून जिन्यावरच असेल.

तापकीर गल्लीत बाबालालच्या काउंटरवर
रेडिओ उरलेत तीन, बाकी सगळे ब्लूटूथचे डबे.
माझा उघडून म्हणाला, याला काही झालं नाही मामा,
स्टेशनच गेलंय.
तरी डायलचा दोरा बदलून दिला, पैसे नको म्हणाला.
पुण्यात दुकानदार पैसे नको म्हणतो
तेव्हा समजावं, काहीतरी कायमचं गेलं.

त्या मोकळ्या जागेवर मग खरखर.
मला ती आवडायला लागली, खोटं कशाला बोलू.
ओलसर कापडावर इस्त्री फिरते, तसली.
रात्री उशिरा तिच्यातून कुणीतरी
कानडीत कसले तरी भाव सांगायचं.
कांद्याचे असावेत. आवाज रडवेला होता.

श्रावणात धरण भरलं.
पहाटे मुंबईचा आवाज ब्रेकअपवर तोडगा सांगत होता
आणि आमच्या गल्लीत पाणी पहिल्या पायरीला.
मी काटा फिरवला, उगाच,
थोडा डावीकडे,
जिथे कधी काही नसायचं.
एक पोरगी. शिकाऊ. कागद खुळखुळत होता.
"खडकवासल्यातून... थांबा हं...
पस्तीस हजार क्युसेक.
विठ्ठलवाडीकडच्यांनो, गाड्या वर घ्या.
तळमजल्यावर काय काय असतं? पीठ, पुस्तकं, औषधं,
इस्त्रीला दिलेले कपडे..."

एकवीस बोचकी दुसऱ्या मजल्यावर नेली,
पाटणकर बाईंची साडी डोक्यावर धरून.
रेडिओ राहिला खाली.

चिखल काढला, टेबलावर उन्हात ठेवला चार दिवस.
बोलतो.
काटा तेवढा हलत नाही,
तिथेच डावीकडे गंजून बसलाय.
ती सायमा गवंडी, दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या माडीवरून बोलते,
दिवसाला चार तास. परीक्षा आली की आठवडाभर बंद.
तेव्हा मी मनातच मोजतो: बातम्यांपर्यंत सहा.
नळ स्टॉप मात्र म्हणते अख्ख्या ळसकट,
जीभ पार टाळूला लावून.

काल पुन्हा संक्रांत.
तिळगूळ घ्या म्हणाली सायमा,
आणि गप्प झाली.
मी इस्त्री उभी धरली.
कागद खुळखुळला,
मग कुठे शर्टाला हात घातला.