मान बाहेर

नीलव्वानं कुंपणावरून तीन गड्डे दिले,
दुधाच्या रिकाम्या पिशवीत, मातीसकट.
ती म्हणाली ‘गड्डी’, मी म्हणालो ‘गड्डा’,
एवढ्यावर आमचं भागलं.
“नीर कडिमी हाक्री,” बोट नाचवत तिनं बजावलं.
मी ऐकलं नाही.
तीस वर्षं उद्यमबागेत भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस
पाणी दिसलं की ओततोच.

अनगोळचा पाऊस, पत्रा चार महिने वाजत होता.
दोन गड्डे कुजले. दाबले तर शिळ्या भातासारखे.
नीलव्वानं तिसऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं,
मग स्वतःच्या मानेला हात लावून दाखवलं:
इथवर पुरायचा. मान बाहेर.

फौंड्रीतनं दोन पोती जळकी वाळू आणली,
साच्यांतून झडलेली, काळी.
खाली जांभ्याचे तुकडे,
वर वाळू, लाल माती, मूठभर शेण.
जागा दक्षिणेची, जिथं सकाळी आलेलं ऊन
पाचपर्यंत हलत नाही.
दिवाळीनंतर पाणी तोडलं.
पानं पिवळी होऊन आडवी झाली,
शिमग्यापर्यंत तिथं कांद्याची सालं तेवढी.

पाडव्याला चार दिवस असताना
सालांतून दांडा आला, पोकळ, पानाशिवाय.
मग फुलला.
बघणारे म्हणाले, निखारा.
नव्हे.
ओतायचं लोखंड पिवळं असतं, डोळे मिटायला लावणारं.
हा लाल त्याच्या नंतरचा,
साचा फोडल्यावर दिसतो तो,
हात लावावासा वाटणारा,
आणि लावायचा नसतो.

नीलव्वा तोवर बैलहोंगलला, लेकाकडं.
फोन लावला.
माझं कन्नड वाक्याच्या मध्यावर संपतं
आणि तिचं मराठी तिथं येऊन पोचत नाही.
“बंतु,” म्हणालो. आलं.
“एष्ट?”
फुलं मोजली. “नाक,” म्हणालो,
म्हणजे त्यांच्यात चार.
पलीकडं बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या,
मग हसणं.

यंदा पिल्लं वेगळी करायला गड्डा उकरला.
सात निघाली.
पांढऱ्या मुळांच्या गुंत्यात एक लोखंडी मणी,
ओतताना उडालेला, वाळूबरोबर आलेला,
गंजून मातीच्या रंगाचा,
घट्ट धरून ठेवलेला.
कुणाच्या हातून उडाला, कुठल्या पाळीत, काय की.
सोडवला नाही.
तसाच परत पुरला,
मान बाहेर ठेवून.