सदतीस

शाळेची वही आता माझ्याकडे आहे.
लिलावात तिच्यावर कुणी बोली लावली नाही,
पायस वोल्कने खिळ्यांच्या डब्यासोबत फुकट दिली.

पहिल्या पानावर चौघी.
मदर वाल्बुर्गा आणि तीन सिस्टर,
पैकी एकीला गाईची धार काढता येत नाही
ही नोंद वेगळ्या ओळीत.
साल एकोणीसशे अकरा, डाकोटाचं माळरान.
वाऱ्याला अडवायला एकही झाड नव्हतं
म्हणून आम्ही शाळा बांधली, असं सिस्टर अफ्रा सांगायची,
आणि आम्ही हसलो
की नकाशाच्या काठीने टेबल वाजवायची.

फी: सहा पोती बटाटे, अर्धं डुक्कर,
किंवा जे देववेल ते.
बहुतेक नावं या तिसऱ्या रकान्यात.
एका बापाने पियानो दिला, दोन पट्ट्या मुक्या असलेला.
त्यावर शिकलेल्या आम्ही
अजून ते दोन सूर गाळून गुणगुणतो.

प्रत्येकीला नंबर. मोज्यांवर, रुमालांवर,
उशीच्या अभ्र्यावर लाल दोऱ्याने घातलेला.
माझा सदतीस.
मी आठ वर्षांची होते,
आईचा ट्रक धूळ उडवत नुकताच दिसेनासा झालेला.
मी विचारलं, सदतीसच का?
सिस्टर कुनिगुंडाने दाताने दोरा तोडला.
मोकळा होता, म्हणाली.
तिचा सात आमच्या सातासारखा नव्हता,
कमरेत एक आडवी रेघ,
जुन्या देशातून बोटीने आलेली.

परवा वहीत नोव्हेंबर अठरा लागला.
पानभर ताप.
मग तोच सात, तीच रेघ:
सदतीस. अपोलोनिया हर्ट्झ.
वडिलांना तीन पोती बटाटे परत.

एवढंच.
उरलेल्या महिन्यांचा चोख हिशेब.
मी त्या माणसाला घरी जाताना पाहते.
मुलगी मागे टेकडीवर,
जमीन दगड व्हायच्या आत पुरलेली,
आणि गाडीत तीन पोती.
त्याने ते खाल्ले असतील का?
की वसंतात पेरले?
वहीला हे माहीत नाही,
आणि कुनिगुंडाला विचारायला आता उशीर झाला आहे.

रस्त्याची पत्रं मात्र सगळी जपलेली. एकोणीस.
बर्फात डॉक्टर पोचत नाही, साहेब.
चिखलात पीठ पोचत नाही, साहेब.
शिवाय दर मार्चला नऊ दिवस
रस्त्यासाठी प्रार्थना, गुडघे सोलेपर्यंत. त्यात मीही होते.
एकसष्ट साली डांबर आलं.
आम्ही त्याच्यावर अनवाणी चाललो, ते ऊन होतं,
आणि सिस्टर अफ्राने तळवे रॉकेलने पुसून दिले,
एक शब्द न बोलता.

त्याच रस्त्याने पिवळी बस आली.
चौतीस मैलांवर मोठी शाळा, जिम्नॅशियम,
आणि रात्री आपलं अंथरूण, आपली आई.
नको कोण म्हणेल?
माझ्या आईने आणखी एक वर्ष काढलं,
तेही मदरला नाही म्हणवेना म्हणून.

शेवटच्या हिवाळ्यात आम्ही अकरा.
साठ जणींच्या टेबलाच्या एका टोकाला बसायचो.
जेवताना संतचरित्र वाचणारीला
आवाज चढवावा लागत नसे.
जूनमध्ये मदर आणि तिच्या सिस्टर
दोन मोटारीतून गेल्या, मऊ, विनाधक्का.

आता तिथे सूर्यफुलाचं बी साठवतात.
उंदीर फार, पायस म्हणतो.

लिलावाच्या सकाळी त्याने मलाही एक पुठ्ठा दिला,
बोलीसाठी नंबर लिहिलेला. सत्तेचाळीस.
वही तेव्हा मी उघडलीही नव्हती.
तरी त्याच्या कानामागची पेन्सिल मागून घेतली
आणि साताला
आडवी रेघ दिली.