खेप

बेनितो म्हणाला, स्कूटरवर डबा कलतो, गाडी घे.
पेट्रोलचं मी बघतो, अर्धं.
‘अर्धं’ म्हणताना त्याने भट्टीत लाकूड सरकवलं,
म्हणजे माझ्याकडे बघायला नको.

तेव्हापासून जो तो सांगतो कुठली घ्यायची.
भाचा सर्वेश म्हणतो, डिकी मोठी हवी, ब्लूटूथ हवं.
शेवंती म्हणते, रविवारी म्हार्दोळला नेता येईल अशी.
म्हापशाचा मेकॅनिक इनास काहीच म्हणत नाही,
दोन बोटांनी बॉनेट वाजवतो, कलिंगड वाजवावं तसं,
आणि पुढच्या गाडीकडे जातो.

मी अठरा वर्षं टिपर चालवला.
सुर्ल्याच्या खाणीवरून आमोण्याच्या धक्क्यावर दहा टन माती.
काट्यावर वजन, कागदावर शिक्का,
हौदा वर, माल खाली, परत.
सात खेपा झाल्या की आठवी मारायचीच.
वाटेत सांडलं ते सांडलं.
माडांची झावळं लाल, वाळत घातलेले पापड लाल,
शाळेतल्या पोरांच्या कॉलरी लाल.
कुणी मला तारे दिले नाहीत.
कापलेही नाहीत.

मग खाण थांबली.
टिपर दारात चार वर्षं उभा.
हौद्यात आधी गवत आलं, मग एक पपई.
पपई गोड निघाली.
विकला तेव्हा भंगारवाल्याने झाड वजनात धरलं नाही.

आता माझा माल चारशे ग्रॅम.
गोल, पातळ, वरचं चीज अजून जिवंत.
ब्रेक जोरात लागला की सगळं एका अंगाला.
उकसईच्या बाई दारातच झाकण उघडतात,
आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे.
एक तारा.

तर माझं म्हणणं असं.
गाडी लहान हवी. मयड्यात दोन चिऱ्यांच्या भिंतींमधून
समोर पोदेर आला पावांची टोपली घेऊन,
तर मागे जायचं ते मी.
त्याचा भोंगा माझ्याआधीचा आहे.
आरसे हाताने मिटावेत.
दार उघडण्याइतकी जागा नसली, तर काचेतून डबा देता यावा.
हॉर्न असावा, पण थोडा लाजरा,
कपेलाजवळची कुत्री रात्री अकराला निमित्तच शोधत असतात.
एसी नको. बिघडलेला असला तर उत्तम, भाव कमी होतो.
आणि बाजूची सीट सपाट हवी.

हे ऐकून इनास पहिल्यांदा थांबला.
पात्रांव, लोक मायलेज विचारतात,
म्हणाला, आणि आत गेला.
गवंडी भावाची पाणसळ घेऊन आला.

चार गाड्यांच्या सीटवर ठेवून बघितली.
निळीत बुडबुडा पुढे पळाला.
चंदेरीत मागे जाऊन बसला, रुसल्यासारखा.
तिसरीत सीटच नव्हती.
चौथी पांढरी एटहंड्रेड, कुणा रिटायर्ड मास्तरांची.
तिच्यात जरा उजवीकडे.
मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो, दार ओढलं.
बुडबुडा हळूच मध्ये आला.
इनास म्हणाला, तुझ्या वजनाची आहे.

घरी आणून मॅट उचलली. खाली लाल धूळ.
शेवंती म्हणाली, गोव्यात सगळीकडे हीच.
चिमूटभर बोटांवर घेतली.
चिऱ्याची नव्हती. चिऱ्याची हलकी असते.
मास्तरांची शाळा कुठे होती,
इनासला विचारायचं राहून गेलं.

पहिली खेप: एक मार्गारिटा, हळदोणे,
खुरसाकडून डावीकडे, मोठ्या चिंचेपुढे विचारा.
डब्याला पट्टा लावला, मग मला.

बस्तोड्याच्या उतारावर
हात आपोआप खाली गेला, गियर उतरवला,
दहा टनांसाठी उतरवतात तसा.
गाडी दचकली.
डबा नाही.