रकाना अकरावा

मांजर कुठून आणायचं यावर
मी आणि शरयू, साठी ओलांडलेली भावंडं,
तीन आठवडे बोलत होतो.
तिचं म्हणणं, कुणाच्या तरी घरातलंच आणावं,
माणसाळलेलं असतं, पावलं ओळखतं.
माझं म्हणणं असं काही नव्हतं.
चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली,
दुसऱ्यांच्या म्हणण्यातले काने-मात्रे बघायची सवय.

आधी गेलो ओशिवऱ्याला, एकविसाव्या मजल्यावर.
मुलगा दुबईला चालला होता.
सोफा, ट्रेडमिल आणि मांजर द्यायचं होतं.
मांजर पांढरं, चपट्या नाकाचं, एसीखाली घोरत पडलेलं.
"फुकटच आहे हो, फक्त खर्चापुरते चौदा हजार.
तिच्या खानदानाचे पेपर्स आहेत."
लिफ्टमध्ये आम्ही दोघांनी
पणजोबांचं नाव आठवून पाहिलं.
तळमजला आला. नाव आलं नाही.

मग मालाडला, ओर्लेममध्ये, मिसेस मिस्किटांकडे.
बैठं घर, ओट्यावर जवळा वाळत घातलेला.
मांजर करडी, नऊ वर्षांची, नाव कॅरल,
नाताळात सापडली म्हणून.
आली ती थेट शरयूच्या निऱ्यांवर बसली.
जमलं, मला वाटलं.
बाईंनी चहा दिला, नानकटाई दिली,
मुलगी मंगळुरूला नेतेय, तिच्याकडे कुत्रा आहे, सगळं सांगितलं.
मग विचारलं, "तुमी किती वर्सांचे?"
सासष्ट. ही त्रेसष्ट.
"घरात पोरंबाळं?"
नाहीत.
त्यांनी कॅरलला निऱ्यांवरून उचललं,
एकेक नख सोडवत.
"रागावू नका. पण माज्यासारक्याच माणसाला कशी देऊ?
परत एकदा तिनं हेच बगायचं?"
आमचा नंबर मात्र वहीत लिहून घेतला.

बसमध्ये शरयू बोलली नाही.
साडीवरचे करडे केस
तिनं कुर्ल्यापर्यंत झटकले नाहीत.

निवारा गोवंडीत,
टँकर धुतात त्या गल्लीच्या टोकाला.
फिनेलचा वास, पत्र्याखाली पिंजरे,
साठ-सत्तर आवाज एकदम.
तबस्सुम नावाची मुलगी, मनगटापर्यंत ओरखडे, हातात अर्ज.
खिडक्यांना जाळी आहे? घर मालकीचं की भाड्याचं?
आधी मांजर होतं का? ते कशानं गेलं?
शरयू पुटपुटली, माझ्या स्थळांनीसुद्धा
एवढं विचारलं नव्हतं.

मी छापील 'निर्बिजिकरण' दुरुस्त केलं,
दोन्ही वेलांट्या दीर्घ,
आणि अकराव्या रकान्यापाशी थांबलो:
तुमच्या पश्चात मांजराची जबाबदारी कोण घेईल?
मी लिहिलं, शरयू.
शरयूनं वाचलं आणि पुढे माझं नाव लिहिलं.
तबस्सुम दोन्ही नावं बघत राहिली.
"काका, हे गोल फिरतंय."
तिनं पेन घेतलं, दोघांवरही काट मारली,
लिहिलं: संस्था.
"शेजारी फोन नंबर देऊन ठेवा. आम्ही येऊन नेऊ.
इथे परत आलेलं मांजर म्हणजे काही गुन्हा नाही."

पिल्लू नको म्हणालो,
आमच्या हिशेबात बसेल असं दे.
तिनं सतरा नंबर उघडला.
बोका, अकरा वर्षांचा,
कानाला कात्रीची खूण, दात मोजके.
तो उठला नाही. त्याला उचलावं लागलं.

आता कपाटाखाली असतो.
रात्री बशी वाजते, तेवढीच ओळख.
नाव ठेवलेलं नाही. सतरा म्हणतो.

दहाव्या दिवशी फोन आला.
मिसेस मिस्किटा. आवाज बसलेला.
मंगळूरच्या गाडीचं तिकीट आलंय म्हणाल्या.
कॅरलला न्यायला दोघं येऊन गेले,
एकाच्या घरी लहान मूल होतं, एकाचे डोळेच आवडले नाहीत.
मग जरा वेळ काहीच नाही.
"ते तुमच्या मांजराचं ऑफिस, पत्ता देता?
हळू सांगा, मी लिवते."

मी सांगत गेलो. टँकरची गल्ली, निळा पत्रा,
गोवंडी, डीला वेलांटी दुसरी.
त्या रोमनमध्ये लिहीत असणार,
हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.