दोन पोती

कुपवाड रोडला, वजनकाट्याच्या मागं
नबीलाल मिस्त्रींचं शेड.
मी तिथं वही धरायचो.
टेपचं एक टोक त्यांच्या बुटाखाली, दुसरं माझ्या चिमटीत,
पेन कानावरनं पडलेलं कुठंतरी फायलींगच्या भुशात,
म्हणून आकडा तोंडातच घोळवत राहायचो,
एकशे सोळा, एकशे सोळा,
पेन सापडेस्तोवर.

गाडी आली ती नुसतं अंग होती.
जतकडच्या एका गोठ्यातून, ट्रॉलीवर, कडब्यात गुंडाळून.
मागच्या मखमलीवर कोंबड्यांनी घर केलेलं,
दारावर कुठल्याशा संस्थानाचं पुसट चिन्ह,
मोर असेल नाहीतर दीपमाळ.
इंजिन दोन पिढ्यांमागंच येरळेकाठी
पाणी उपसायला गेलं ते गेलं.
चॅसीला हात लावला की बोटांना भुगा.

मालक सुकुमार चौगुले. नवरदेवांना गाड्या भाड्यानं देतात.
म्हणाले, "मिस्त्री, वरनं राजा दिसू दे,
खालनं कोण का असंना."

खालनं आली एक मोडीत निघालेली चारशेसात.
डिझेलनं धुवायला घेतली तर
भोकाभोकातून पिवळं पाणी.
मार्केट यार्डाची सतरा वर्षांची हळद
बोल्टाच्या आट्यांत मुरलेली.

नऊ इंच जादा भरली.

दोन दिवस मिस्त्रींनी कटर पेटवला नाही.
तिसऱ्या दिवशी मला स्कूटरवर घालून मिरजेला नेलं,
सतारीच्या गल्लीत.
एक म्हातारा भोपळ्याला दांडी बसवत होता.
आम्ही चहा प्यालो आणि नुसतं बघत बसलो.
म्हाताऱ्यानं मान वर न करता विचारलं, "काय पाहिजे?"
मिस्त्री म्हणाले, "काय न्हाई, जोड बघतोय."

परत येताना बायपासला गाडी थांबवून बोलले,
"पत्रा म्हातारा हाय, त्याला ओढायचं न्हाई.
लोखंड तरणं हाय. ते सोसंल."

मग कापलं. नऊ इंच लोखंड बाजूला पडलं
आणि बराच वेळ गरम राहिलं.
साखळीला अंग टांगून चौघांनी उतरवलं,
खाली जुन्या टायरचे तुकडे, चामडं, परत टायर.
शेवटी मिस्त्रींनी दार लावलं.
टक्.
इतका लहान आवाज आमच्या शेडमध्ये त्याआधी कधी झाला नव्हता.

पण माधवनगरपर्यंतच्या ट्रायलमध्ये
चौगुल्यांचं डोकं तीनदा छताला लागलं,
खिडकीतली फुलदाणी मांडीवर आली.
पाटे अडीच टनांसाठी घडलेले.
एक माणूस त्यांना कळतच नव्हता.
उतरताना चौगुले काहीच बोलले नाहीत.
ते बोलले असते तर बरं झालं असतं.

आणि संध्याकाळी दारात एक जण उभा.
धोंडीराम ऐवळे, म्हणाला. हिच्यावर होतो.
कुणावर ते आधी समजलंच नाही.
तो त्या चकचकीत मडगार्डाकडं न बघता
सरळ आडवा झाला, गाडीखाली शिरला,
तिसऱ्या आडपट्टीवरचा जुना वेल्ड अंगठ्यानं चाचपला.
"खंबाटकीचा," आतनंच म्हणाला. "आमचाच."

मग बाहेर येऊन पँट झटकत,
"रिकामी पळवताय व्हय हिला?
हिला रिकामं जायचं ठावंच न्हाई."

मिस्त्रींनी चार पाटे काढले.
धोंडीरामनं डिकीत दोन पोती टाकली,
कसली ते सांगायला नको.
आणि तोच चालवायला बसला.
माझ्या हातात चहाचा ग्लास दिलेला, काठोकाठ.
विश्रामबागपर्यंत जाऊन आलो.
ग्लास तसाच. गार झालेला तेवढा.

पहिलं भाडं कवलापूरचं.
आम्ही मांडवाच्या मागं, वाजंत्र्यांच्या पंगतीत.
नवरी बसली, दार लागलं, टक्.
कुणीतरी करवली आत वाकून म्हणाली,
"अगं, कालची हळद अजून किती वास मारतीय तुझी!"
नवरी स्वतःचा हात हुंगून बघत होती.

वहीत त्या पानावर माझ्या अक्षरात अजून आहे:
चॅसी कमी नऊ इंच. पाटे कमी चार.
पोती जादा दोन.
खाली मिस्त्रींनी पेन घेऊन वाकडं लिहिलंय,
बिलात धरू नये.