नाकावरचं तेल

हिची निगेटिव्ह नाही. कधीच नव्हती.
जी फिल्म कॅमेऱ्यातून फिरली तीच धुतली,
तीच कापली, तीच दाखवली
सारेमा बेटावरच्या मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये,
सदुसष्टपासून दर हिवाळ्यात.
आता माझ्या टेबलावर आहे.
डब्याचं झाकण उघडलं की आंबट वास,
हेरिंगची बरणी कुणी विसरून गेल्यासारखा.

वाइनोनं शिकवलं होतं:
चरा आधी वाचायचा, मग हात लावायचा.
रेघ काळी दिसली तर फिल्मची पाठ खरवडली आहे.
पाठीचं दुखणं, बरं होतं.
पांढरी दिसली तर चित्रच गेलं,
तिथं नुसता दिवा उरला.

पहिली चार मिनिटं अध्यक्षांचं भाषण.
मासळी किती टन, जाळी किती, आभार किती.
एक ओरखडा नाही. कोरं करकरीत.
त्या वेळी सगळे बाहेर सिगरेटी ओढत असणार,
ऑपरेटरसुद्धा रीळ हातानंच पुढे ढकलत असणार.

मग गोठलेला समुद्र.
हियुमाच्या बाजूनं बर्फावरून एक ट्रक येतो
दार सताड उघडं ठेवून,
बर्फ फुटलाच तर उडी टाकता यावी.
दारात आर्वेट. तो हात वर करतो.

इथं चाळण झाली आहे.
कडेची भोकं फाटलेली, जुने जोड पिवळट,
त्याच्या टोपीपासून बुटापर्यंत रेघाच रेघा.
सेन्ता दर वर्षी म्हणायची, पुन्हा लावा.
ऑपरेटर मागं फिरवायचा, पुन्हा लावायचा.
यंत्राचे दात काही तिचे सोयरे नव्हते.

(आर्वेट बर्फात गेला नाही.
पुढं सात वर्षांनी, दवाखान्यात, न्यूमोनियानं.)

मी सेन्ताला फोन केला. एक्याण्णव वर्षांची आहे.
विचारलं, रेघा घालवू का? जमतील तेवढ्या?
ती म्हणाली, कसल्या रेघा?

तीन फ्रेम काढाव्याच लागतील.
त्या ठेवल्या तर फिल्म दारातच अडकेल, जळेल.
म्हणजे हात वर, आणि लगेच हात खाली;
मधलं हलणं माझ्याजवळच्या पाकिटात,
वर पेन्सिलीनं तारीख.

बाकीच्यासाठी वाइनोची युक्ती,
कुठल्याच पुस्तकात न छापलेली:
हातमोजा काढायचा,
नाकाच्या बाजूवरून बोट फिरवायचं
आणि ते तेल पाठीवरच्या चऱ्यात हलकेच भरायचं.
उजेड मग अडखळत नाही.
काळी रेघ विरते.
माझ्या कातडीचा थोडा चिकटपणा
एका अनोळखी माणसाच्या गालामागं.

पांढऱ्या रेघा तशाच राहतील.
एक त्याच्या तळहातातून जाते.

जोडाला सिमेंट लावलं.
वीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचं.
अकरा, बारा.
ट्रकचं दार उघडंच आहे.